रोजची इंग्रजी आणि मोडल क्रियापदे : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, ऐरोली-रबाळ्याच्या कंपन्यांत, वाशीतल्या एखाद्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षात किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलाच्या कार्यालयात नव्याने कामाला लागलेल्या मराठी माणसाला इंग्रजी लागते ती निबंध लिहिण्यासाठी नव्हे. आलेल्या माणसाला बसायला सांगणे, साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागणे, एखादे काम आज होणार नाही हे समोरच्याला न दुखावता कळवणे, औषधाच्या वेष्टनावरची सूचना नीट समजून घेणे, अशा लहान लहान कामांसाठी ती लागते. या कामांत वस्तूंची आणि क्रियांची नावे तर हवीतच. पण वाक्याचा सूर ठरवणारी कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, विल, वुड ही मोडल क्रियापदेही पहिल्या आठवड्यापासून हवीत, असे माझे ठाम मत आहे. शाळेत ती व्याकरणाच्या तासाला येतात, रिकाम्या जागा भरण्यापुरती पाठ होतात आणि परीक्षा संपली की मागे पडतात.

ती मागे पडू नयेत याचे कारण मराठीतच आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या रूपात आणि सर्वनामात असतो. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावे’ किंवा ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ एवढ्यानेच आपण समोरच्याला किती मान देत आहोत हे कळते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘सिट’ आणि ‘यू’ हेच शब्द येतात, त्यामुळे आपल्या मनात ‘तुम्ही’ असले तरी ते शब्दांत उतरत नाही. ही उणीव इंग्रजी बरीचशी मोडल क्रियापदांनी भरून काढते, आणि ती न वापरणारा मनाने कितीही नम्र असला तरी त्याचे बोलणे हुकूम सोडल्यासारखे ऐकू येते. इंग्रजी कच्ची म्हणून ज्यांना उद्धट समजले जाते, त्यांच्यातल्या अनेकांना फक्त एक ‘कुड यू’ कमी पडत असतो.

या लेखात इंग्रजी वाक्ये उच्चार कळावा म्हणून देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र ती रोमन लिपीतच लिहावीत, कारण वाचताना आणि मोबाईलवर संदेश पाठवताना स्पेलिंगशीच गाठ पडते.

पहिली पायरी : तोंडात असलेले शब्द आधी मोजावेत

कोणताही मराठी माणूस शून्यापासून सुरुवात करत नाही. टेबल, स्टेशन, तिकीट, चार्जर, लिफ्ट, ड्युटी, ओव्हरटाईम, पगाराची स्लिप, सोसायटीचा मेंटेनन्स असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. एका संध्याकाळी घरातली एकेक खोली, मग स्टेशनपर्यंतचा रस्ता, मग कामाची जागा असे करत हे शब्द वहीत उतरवावेत आणि त्यांचे स्पेलिंग तपासून लिहावे. ही यादी पाहिली की धीर येतो, आणि शब्दसंपत्तीचा मोठा भाग फुकटात हाती लागतो.

मात्र मराठीत आल्यावर काही शब्दांचा अर्थ सरकला आहे आणि तेवढे शब्द वेगळ्या पानावर लिहावेत. आपण जेवायला ‘हॉटेलात’ जातो, पण इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा; जेवणाच्या जागेला रेस्टॉरंट म्हणतात. ‘लाईट गेली’ हे ‘द लाईट हॅज गॉन’ असे सांगू नये, ‘देअर इज नो पॉवर’ असे सांगावे. ‘झेरॉक्स काढून द्या’ ऐवजी ‘फोटोकॉपी’ हा शब्द वापरावा, आणि पदवी पूर्ण केल्याचे सांगताना ‘पास आउट’ टाळावे, कारण भारताबाहेरच्या श्रोत्याला त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा लागतो. ठाण्यात हे सारे शब्द सगळ्यांना समजतात आणि घरात बोलताना ते बदलण्याचे काही कारण नाही. पण ज्यांच्या कामात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणे येते त्यांनी ही दुरुस्ती लवकर करून घ्यावी.

दुसरी पायरी : शब्द एकटा शिकू नये

नुसते ‘ट्रेन’ हे नाव पाठ करून वाक्य तयार होत नाही. ट्रेन पकडणे, चुकणे, बदलणे हे इंग्रजीत कसे म्हणतात ते त्याच्यासोबतच शिकावे लागते. म्हणून कार्डावर एक शब्द न लिहिता शब्दांची जोडी लिहावी : ‘कॅच द ट्रेन’, ‘मिस द ट्रेन’, ‘चेंज ट्रेन्स अ‍ॅट ठाणे’. चहा ‘करणे’ हे इंग्रजीत ‘मेक टी’ होते, ‘डू टी’ होत नाही. औषध घेणे ‘टेक मेडिसिन’, फोटो काढणे ‘टेक अ फोटो’, बिल भरणे ‘पे द बिल’ आणि फॉर्म भरणे मात्र ‘फिल इन द फॉर्म’. दिवा किंवा पंखा बंद करणे ‘स्विच ऑफ’ असते, तर दार बंद करणे ‘क्लोज’. मराठीत या दोन्हींना ‘बंद करणे’ हे एकच क्रियापद असल्यामुळे ‘क्लोज द फॅन’ हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते.

किती शब्द शिकावेत, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाने, ज्यांनी अखंड बंगालमध्ये ढाक्याला अध्यापनाचे काम केले होते, १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत नंतर सुधारणा झाल्या, पण तिच्यामागचा विचार आजही पटतो : थोडे शब्द वारंवार येतात आणि बाकीचे क्वचित. त्यामुळे जाडजूड शब्दकोश पाठ करायला बसण्यापेक्षा आपल्या दिवसात खरोखर येणारे शब्द, रोज पाच ते सात या बेताने शिकावेत. त्याहून अधिक घेतले तर उजळणीला वेळ उरत नाही.

उजळणीसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत अतिशय सोपी आहे. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून त्यांच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहावे, आणि एका खोक्यात पाच कप्पे करावेत. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. उत्तर बरोबर आले तर ते पुढच्या कप्प्यात सरकते, चुकले तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने आणि पुढचे त्याहून उशिरा पाहायचे असतात. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली तर पहिल्या कप्प्याची कार्डे दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली करत तुर्भे येईपर्यंत निवांत पाहून होतात. कार्डाची मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी आठवावे. इंग्रजी वाचून मराठी अर्थ ओळखणे सोपे असते, पण बोलताना उपयोग होतो तो आठवण्याचा.

तिसरी पायरी : मोडल क्रियापदांची बांधणी

बांधणीचे नियम थोडे आहेत आणि त्यांना जवळजवळ अपवाद नाहीत, ही दिलाशाची गोष्ट आहे. मोडल क्रियापदाला कर्त्याप्रमाणे ‘स’ लागत नाही. ‘ही कॅन’ असेच राहते, ‘ही कॅन्स’ होत नाही. त्याच्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप येते आणि मध्ये ‘टू’ येत नाही. ‘आय कॅन टू गो’ ही चूक कानाला खटकेपर्यंत ‘आय कॅन गो’ मोठ्याने म्हणावे. प्रश्न करताना मोडल कर्त्याच्या आधी जाते, नकार देताना त्याच्यानंतर ‘नॉट’ लागते आणि दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत. ‘उद्या मी येऊ शकेन’ याचे ‘आय विल कॅन कम’ असे भाषांतर त्यामुळेच चुकते. तिथे ‘आय विल बी एबल टू कम’ म्हणावे लागते.

चौथी पायरी : मराठी वाक्यापासून इंग्रजी मोडलपर्यंत

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि इथे घाई करू नये. प्रत्येक मोडलचे पाच-सहा अर्थ पाठ करण्याची शाळेतली रीत मला पटत नाही. आपण विचार मराठीत करतो, म्हणून मराठी क्रियापदाचे रूप ओळखून त्याला कोणते मोडल लागते ते शिकणे अधिक फळते.

सुरुवात ‘येते’ आणि ‘शकतो’ यांच्यापासून करावी. ‘मला पोहता येते’ आणि ‘मी दहा मिनिटांत पोहोचू शकतो’ या दोन्ही वाक्यांना ‘कॅन’ चालते : ‘आय कॅन स्विम’, ‘आय कॅन रीच इन टेन मिनिट्स’. इथे लक्ष द्यायचे ते ‘मला’ या शब्दाकडे. मराठीत ‘मला येते’, ‘मला जावे लागते’, ‘मला हवे आहे’ अशी अनेक वाक्ये ‘मला’ने सुरू होतात, पण इंग्रजीत या सगळ्यांचा कर्ता ‘आय’च असतो. भूतकाळात ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचे’ याला ‘कुड’ चालते. परंतु ‘काल सर्व्हर बंद पडत होता, तरी मी फॉर्म भरू शकले’ अशा एकदा घडलेल्या यशाला ‘आय वॉज एबल टू’ वापरावे. नकारात हा भेद राहत नाही, ‘आय कुडन्ट’ दोन्हीकडे चालते.

यानंतर ‘लागते’ आणि ‘पाहिजे’. ‘लागते’ यात बाहेरून आलेली सक्ती असते आणि त्यासाठी ‘हॅव टू’ हा शब्दगट योग्य ठरतो. तो मोडलसारखे काम करतो, पण काळाप्रमाणे बदलतो. ‘रविवारी मेगाब्लॉक होता, म्हणून आम्हाला बसने जावं लागलं’ हे वाक्य ‘वी हॅड टू गो बाय बस’ असे होते. ‘मस्ट’ला भूतकाळाचे रूपच नसल्यामुळे इथे ‘मस्ट’ घालून काम भागत नाही. ‘पाहिजे’ हा शब्द अधिक सावधपणे हाताळावा लागतो, कारण तो मराठीत फार ओझे वाहतो. ‘मला चहा पाहिजे’ इथे इच्छा आहे, म्हणून ‘आय वॉन्ट’, आणि दुसऱ्याकडे मागताना ‘आय वुड लाइक’. ‘तू डॉक्टरांना दाखवलं पाहिजेस’ इथे सल्ला आहे, म्हणून ‘यू शुड’. ‘गेटवर नाव लिहिलंच पाहिजे’ इथे नियम आहे, म्हणून ‘मस्ट’. पुष्कळ मराठी बोलणारे या तिन्ही ठिकाणी ‘मस्ट’ वापरतात आणि मैत्रीचा सल्ला तंबीसारखा वाटतो. शंका आली तर ‘शुड’ निवडावे. त्याने फारसे नुकसान होत नाही.

नकाराच्या बाबतीत मात्र चुकीची किंमत मोजावी लागते. ‘यू मस्ट नॉट कम ऑन संडे’ म्हणजे रविवारी यायचे नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम ऑन संडे’ म्हणजे यायची गरज नाही, पण आलात तर हरकतही नाही. मराठीत ‘येऊ नका’ आणि ‘यायची गरज नाही’ ही वाक्ये आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही, तरी इंग्रजीत ऐकताना दोन्हींचा अर्थ ‘सुट्टी’ एवढाच धरला जातो. ज्याला जादा कामाचे पैसे हवे आहेत त्याने हा फरक कार्डावर लिहून पहिल्या कप्प्यात ठेवावा.

अंदाजाची भाषा ही मराठीची खास श्रीमंती आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा. ठाणे स्टेशनवर पनवेल गाडीची वाट पाहत उभे असताना आपण ‘गाडी लेट असेल’, ‘गाडी गेली असावी’, ‘गाडी गेली असणार’ असे म्हणतो, आणि त्या तीन शेवटांत खात्री पायरीपायरीने वाढत जाते. ‘असेल’ला ‘मे’ किंवा त्याहून अनिश्चित असे ‘माइट’ लावावे : ‘द ट्रेन माइट बी लेट’. ‘असणार’ला ‘मस्ट’ लावावे : ‘द ट्रेन मस्ट हॅव लेफ्ट’. मधल्या ‘असावी’साठी ‘हॅज प्रॉबेबली लेफ्ट’ असे साधे वाक्य पुरते. याच अंदाजाच्या नकारात, म्हणजे ‘ती एवढ्यात घरी पोहोचली नसणार’ यात, ‘मस्ट नॉट’ न वापरता ‘कान्ट’ वापरायचे असते : ‘शी कान्ट हॅव रीच्ड होम यट’. आणि ‘मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं’ यातली हळहळ ‘आय शुड हॅव टोल्ड यू अर्लिअर’ या वाक्यात येते. हे एकच वाक्य तोंडपाठ असले तरी कार्यालयातले अनेक प्रसंग सावरता येतात.

राहिले ‘करू का?’ हे रूप. ‘आत येऊ का?’ यात परवानगी मागितली आहे, म्हणून ‘मे आय कम इन?’ किंवा रोजच्या बोलण्यात ‘कॅन आय’. ‘पाणी आणू का?’ यात सेवा देऊ केली आहे, म्हणून ‘शॅल आय ब्रिंग सम वॉटर?’ रोजच्या बोलण्यात शॅल मुख्यतः असे प्रश्न विचारण्यापुरते येते. करारात आणि सोसायटीच्या नियमांत ते बंधनाच्या अर्थाने दिसते, तिथे फक्त ओळखता आले तरी पुष्कळ झाले. ‘शुड’च्याच जवळच्या अर्थाचे ‘ऑट टू’ सध्या बाजूला ठेवावे.

पाचवी पायरी : विनंती, नकार आणि मान

एखाद्या कंपनीच्या प्रवेशद्वारावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाचे उदाहरण घेऊ. तो आलेल्या पाहुण्याला ‘सर, यू वेट. गिव्ह आयडी. साइन हिअर’ असे म्हणतो. त्याच्या मनात असते, ‘साहेब, जरा थांबता का, ओळखपत्र दाखवा, इथे सही कराल का’. त्याने ‘सर’ म्हटले आहे, त्याचा आवाज मऊ आहे, कदाचित तो किंचित वाकलाही आहे, पण पाहुण्याला ऐकू येतात ते तीन हुकूम. तोच माणूस ‘कुड यू प्लीज वेट अ मिनिट, सर? मे आय सी युअर आयडी? कुड यू साइन हिअर, प्लीज?’ असे म्हणाला की त्याच्या मनातले ‘तुम्ही’ जसेच्या तसे पोहोचते. यात नवा कठीण शब्द एकही नाही. ‘कुड’ हे इथे भूतकाळ दाखवत नाही, विनंती सौम्य करते, एवढे लक्षात ठेवावे.

विनंतीची उतरंड साधारण अशी असते. घरच्या किंवा बरोबरीच्या माणसाला ‘कॅन यू’ पुरते. अनोळखी माणसाला, ग्राहकाला आणि वरिष्ठाला ‘कुड यू’ म्हणावे. मोठी गैरसोय होणार असेल तेव्हा ‘वुड इट बी पॉसिबल टू’ अशी लांब सुरुवात करावी. रजा मागताना ‘आय वॉन्ट लीव्ह’ न म्हणता ‘आय वुड लाइक टू टेक हाफ अ डे ऑफ टुमॉरो’ म्हणावे. नकार देताना ‘नॉट पॉसिबल’ हे दोन शब्द दारावर कडी घातल्यासारखे वाटतात. त्याऐवजी ‘आय अ‍ॅम अफ्रेड वी वोन्ट बी एबल टू डू इट टुडे, बट वी कॅन डू इट टुमॉरो’ असे म्हटले तर ग्राहकाला काय होणार नाही आणि काय होईल, हे दोन्ही कळते.

रोजच्या कामातल्या दहा मराठी विनंत्या लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीसमोर हे वाक्य कोणाला बोलायचे आहे ते लिहावे. मगच तिचे इंग्रजी करावे. ‘फाईल द्या’ हे वाक्य शिपायाला, सहकाऱ्याला आणि विभागप्रमुखाला बोलताना मराठीतही आपण सारखे बोलत नाही.

सहावी पायरी : कान आणि डोळे

शुड, वुड, कुड या तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये असलेला ‘एल’ उच्चारात नसतो. ‘मस्ट नॉट’ जोडून बोलताना ‘मसन्ट’ असा ऐकू येतो. सर्वांत फसवी जोडी ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांची आहे : होकारी वाक्यात ‘कॅन’ वरचा जोर जाऊन तो ‘कन’ असा निसटता ऐकू येतो, तर ‘कान्ट’ जोर देऊन उच्चारला जातो आणि त्याचा शेवटचा ‘ट’ अनेकदा गिळला जातो. म्हणून ‘ट’ शोधत न बसता जोर कुठे आहे ते ऐकावे, आणि फोनवर खात्री नसेल तर ‘सॉरी, कॅन यू ऑर कान्ट यू?’ असे सरळ विचारावे. तसे विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

वाचनासाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पाचवी ते आठवीची पुस्तके प्रौढांनीही निःसंकोच वाचावीत. आपल्याकडे मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० सालापासून, आणि त्याआधी शाळा संपवलेल्या अनेकांच्या पायाभूत वाक्यरचना तिथेच पक्क्या होतील. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांची सोय करत आले आहे; शब्दकोश चाळण्यासाठी अशा ग्रंथालयातली शांत बैठक घरापेक्षा बरी पडते.

याशिवाय भोवतालच्या पाट्या वाचाव्यात. सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘व्हिजिटर्स मस्ट साइन द रजिस्टर’ असते, नोकरीच्या जाहिरातीत ‘मस्ट हॅव’ आणि ‘शुड बी विलिंग टू वर्क इन शिफ्ट्स’ असते, आणि सर्दीच्या काही औषधांवर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ असते. या शेवटच्या वाक्यातले ‘मे’ परवानगीचे नसून शक्यतेचे आहे : औषधाने गुंगी येऊ शकते, म्हणून ते घेऊन दुचाकी चालवू नये. जाहिरात वाचताना ‘मस्ट’ पुढची अट आपल्याकडे नसेल तर अर्ज फुकट जाण्याची शक्यता मोठी असते. ‘शुड’ आणि ‘प्रिफर्ड’ पुढच्या अटींत मात्र थोडी जागा असते, आणि तिथे अर्ज करायला कचरू नये.

रोज एका पाटीचे छायाचित्र काढून त्यातल्या मोडलखाली रेघ मारावी, तेच वाक्य घरी मोबाईलवर आपल्या आवाजात नोंदवावे आणि आठवडाभराने पुन्हा ऐकावे. सोबतीला घरातले किंवा कामावरचे कोणी असेल तर दहा मिनिटे एकाने ग्राहक आणि दुसऱ्याने कर्मचारी होऊन बोलावे, आणि मोडल नसलेली विनंती आली की ग्राहकाने उत्तर न देता थांबून राहावे.